बाळंतिणीचा रक्तदाब कोण मोजणार?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणावरून)



आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांविषयी बोलायचं आहे. २०२३ साली तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, तर कृष्णवर्णीय ५०.३. गरिबी हे एकच कारण म्हणावं, तर शिकलेल्या, नोकरदार बायकाही यातून सुटत नाहीत. शेलन अर्व्हिंग सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ होती. आरोग्यातली विषमता हाच तिचा अभ्यास. जानेवारी २०१७ मध्ये तिला मुलगी झाली. पुढच्या तीन आठवड्यांत तक्रारी घेऊन ती पुन्हा पुन्हा तपासायला गेली, आणि वाढलेल्या रक्तदाबाने दगावली.

बाळंतपण पार पडलं की धोका टळला, असं आपण मानतो. पण रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर चढतो. तोवर बाई घरी आलेली असते. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली उजवीकडे दुखतं, धाप लागते. तिला सांगतात, जागरणाने होतं. १६० वर ११० आकडा टिकून राहिला तर तासाभरात औषध मिळायला हवं.

ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता त्यांनी सात ते दहा दिवसांत तपासून घ्यावं, तीव्र असेल तर ७२ तासांत, असं तिथले प्रसूतितज्ज्ञ सांगतात. पण टाके ओले, मूल अंगावर, पगारी रजेचा देशव्यापी कायदा नाही. मग शेरा बसतो: "या बायका येतच नाहीत."

हा शेरा किती खोटा आहे पाहा. फिलाडेल्फियात २०६ बायकांचा अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दवाखान्यात बोलावलं. निम्म्यांना यंत्र घरी दिलं आणि रोज फोनवर संदेश पाठवून आकडा विचारला. दहा दिवसांत दवाखान्याच्या गटात कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ३३ टक्के बायकांचाच रक्तदाब नोंदला गेला, इतरांपैकी ७० टक्के. घरी मोजणाऱ्यांत दोघींचंही प्रमाण नव्वदीच्या वर! बायका त्याच शहरातल्या. बदलली ती व्यवस्था.

पण नुसतं यंत्र वाटून भागत नाही. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा चुकीचा, वाढीव येतो. आकडा वाढला तर पलीकडे रात्रीही कुणी फोन उचलायला हवा. आणि दुखतंय म्हटल्यावर विश्वास ठेवणारं माणूस हवं. तिथे हे काम वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या आणि डूला, म्हणजे बाळंतिणीला सोबत करणाऱ्या बायका, करतात. लोकसहभाग म्हणतात तो हाच. मात्र त्याचा अर्थ फुकट राबणं असा होता कामा नये. त्यांना मोबदला हवा, आणि योजना आखतानाच त्यांचा शब्द हवा. नंतर सहीपुरतं बोलावणं नको.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला शेक, डिंकाचे लाडू सगळं होतं. पण सगळ्यांच्या नजरा बाळावर. बाळाचं वजन विचारायला येणारी प्रत्येक जण बाईचं डोकं दुखतंय का, हेही विचारते का? आपल्या गटांनी निदान हा एक प्रश्न घरोघरी न्यावा, आणि 'हो' उत्तर आलं तर त्याच दिवशी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा.