चौऱ्यांशीचा लेख आणि हातातला मोबाईल



शताब्दीच्या निमित्तानं आम्हाला बोलायला सांगितलं. पनवेलहून पंढरीची वाट चालणाऱ्यांपुढे बोलायचं, तर पंढरीच्याच एका दगडाविषयी बोलू.

विठ्ठलमंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. शके ११९५ पासून, म्हणजे इ.स. १२७३ पासून, देवाला कोणी काय दान दिलं त्याची ही नोंद. काळ रामदेवराव यादवांचा. ज्ञानेश्वरी अजून सतरा वर्षं पुढे होती. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या पाठी लागल्या, अक्षरं झिजली. भक्तांची नावं टिकावीत म्हणून कोरलेला दगड भक्तीनंच पुसत आला. दोष कुणाला देणार?

पूर्वी अभ्यासक दगडावर ओला कागद ठोकून बसवत, वर शाई लावून ठसा घेत. आता हात न लावता काम होतं. एकावर एक येतील असे पुष्कळ फोटो सगळ्या बाजूंनी काढले, की संगणक त्यातून दगडाचा खोलीसकट नमुना उभा करतो. दुसरी रीत अशी: कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि दिवा भोवती फिरवायचा. तिरक्या उजेडात पुसट अक्षरातही सावली भरते.

पण जे झिजून गेलं, ते संगणक परत आणत नाही. अंदाजानं भरलेलं अक्षर वेगळ्या रंगातच दाखवावं. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. नियम तोच.

आपल्या रायगड जिल्ह्यातला आक्षीचा लेख बघा. तुळपुळ्यांनी त्याचा शक ९३४ वाचला, काहीजण वेगळा वाचतात. चांगला नमुना सर्वांसाठी खुला असेल, तर वाद ऐकीव राहत नाही. ज्याला त्याला अक्षर स्वतः पाहता येतं.

म्हणून दिंडीला विनंती. गावात, वाटेवर वीरगळ, गधेगाळ किंवा लेख दिसला तर शेंदूर, तेल, खडू लावू नका, दगड हलवू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. गाव आणि तारीख लिहा. पुरातत्त्व विभागाला कळवा. एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका, तीन ठिकाणी ठेवा. देवळात मात्र परवानगीशिवाय मोबाईल काढायचा नाही.

आणि चौऱ्यांशीच्या लेखापुढे पाठ नको, हात जोडा. नमस्कार दुरूनही पोचतो.

रामकृष्ण हरी.