पाप कुणाचं, भिंत कुणाची?



२५ एप्रिल २०१५. शनिवार. नेपाळात दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी. गोरखा जिल्ह्यात, बारपाक गावाजवळ धरणी हलली. ७.८ तीव्रतेचा भूकंप. जवळजवळ ९,००० माणसं गेली, सुमारे ५ लाख घरं भुईसपाट झाली. लांगटांग गाव बर्फ-दगडांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं.

तिथं शनिवारी शाळेला सुटी. हजारो वर्ग कोसळले, पण आत लेकरं नव्हती. कुणी म्हणेल, बघा महाराज, देवानं राखलं!

थांबा माउली. ३० सप्टेंबर १९९३ ला आपल्या किल्लारीत पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. सारं गाव झोपेत. मग त्या रात्री देव काय झोपला होता?

त्या वर्षी मीही कीर्तनात बोलून गेलो, ‘पाप वाढलं की धरणी कापते.’ कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडली. म्हणाली, ‘महाराज, नातू दीड वर्षाचा होता. त्याचं पाप तेवढं सांगा.’ माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवसापासून ते वाक्य मी उच्चारलं नाही.

धरणी हलते ती तिच्या धर्मानं. आपली भूमी उत्तरेला सरकते, हिमालयाखाली शिरते. साठलेला ताण एक दिवस सुटतो. माणसं मेली ती बहुतेक भिंतींखाली. बारपाकला दगड-माती, किल्लारीला दगड-माती, वर माळवदाचं ओझं. मग विचारायचं ते पाप नव्हे, भिंत विचारायची!

अन् देव कुठं होता म्हणता? दरडींनी वाटा तुटल्या, पावसाळा दीड महिन्यावर आला. तेव्हा तांदूळ अन् पत्रे पाठीवर घेऊन हमाल डोंगर चढले, मागं खेचरं. त्यांतल्या कित्येकांची स्वतःचीच घरं पडली होती. मला तर त्या वाकलेल्या पाठीत पांडुरंग दिसतो.

आज घरी गेलात की आपल्या भिंतीवर हात ठेवा. ती फुगली असेल, तडकली असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवा. खाली आपलं लेकरू झोपतं. हेही भजनच आहे, मायबाप.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!