जुनी बॅटरी मदत करते काय?

दिवा मंद जळूं लागला म्हणजे नव्या बॅटरीच्या जोडीस घरांतील एखादी जुनी बॅटरीहि लावावी, असें पुष्कळांच्या मनांत येतें. धन टोकास धन टोक व ऋण टोकास ऋण टोक जोडलें कीं दोघींचें बळ एकत्र होईल, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें आज कागद-पेन्सिल घेऊन पाहूं.

त्यासाठीं दोन नियम पुरेत. पहिला गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला: प्रवाहास रोधानें गुणिलें असतां दाब मिळतो. दुसरा १८४५ सालीं किर्खॉफ नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें दिला: तारांच्या बंद वाटेनें एक फेरी पुरी केली, कीं जेवढा दाब मिळाला तेवढाच खर्ची पडलेला असतो.

आतां तीन उभ्या रेघा काढा. डावीकडे नवी बॅटरी, १२ व्होल्टांची, अंतर्गत रोध १ ओहम. मध्यें जुनी, ८ व्होल्टांची, अंतर्गत रोध २ ओहम. उजवीकडे दिवा, त्याचा रोध १० ओहम धरूं. बॅटऱ्यांचीं धन टोकें वर ठेवा. तिन्ही रेघा वर एका तारेनें व खालीं दुसऱ्या तारेनें जोडल्या, म्हणजे दोन चौकटी दिसतील. इंजिनिअर लोक अशा चौकटीस ‘मेश’ म्हणतात. प्रत्येक चौकटींत घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरणारा एकेक प्रवाह कल्पावा. पहिला ‘क’, दुसरा ‘ख’. मधल्या रेघेंत क खालीं उतरतो व ख वर चढतो, म्हणून तेथें त्यांची वजाबाकी उरते.

पहिल्या चौकटींत १२ व्होल्टांना ८ व्होल्ट विरोध करतात, उरले ४. म्हणून ३क − २ख = ४. दुसऱ्या चौकटींत ८ व्होल्टच प्रेरक आहेत. म्हणून १२ख − २क = ८. हीं समीकरणें सोडविलीं, कीं क २ अँपिअर व ख १ अँपिअर येतो.

याचा अर्थ काय? नवी बॅटरी २ अँपिअर देते, दिव्यास १ च पोंचतो. उरलेला १ अँपिअर जुन्या बॅटरीच्या धन टोकांतून आंत शिरतो. मदतीस बोलावलेली पाहुणी स्वतःच जेवावयास बसली! जुनी काढून टाकली, तर दिव्यास १२ भागिले ११, म्हणजे सुमारें १.०९ अँपिअर मिळतो. एकट्या नव्या बॅटरीवरच दिवा अधिक उजळ जळतो. शिवाय साध्या कोरड्या घटांत असा उलटा प्रवाह शिरला, तर ते तापण्याचें व पाझरण्याचें भय असतें, तें निराळेंच.

मात्र जुनी बॅटरी सदैव निरुपयोगी, असेंहि समजूं नये. दिव्याचा रोध २ ओहमांहून कमी असता, तर नवीच्या टोकांवरील दाब ८ व्होल्टांखालीं उतरला असता आणि जुनीनें खरोखरच हातभार लावला असता. तेव्हां जोडणी करण्यापूर्वीं दोन ओळींचें गणित मांडावें. कोण देणारा व कोण घेणारा, हें तें आधींच सांगतें.