खप आणि कल्पकता

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीला तप्त हवा पुरविणाऱ्या मनोऱ्यांत, आच सोसणाऱ्या घट्ट विटांमागे सच्छिद्र विटांचा थर देतात. छिद्रांत कोंडलेली हवा उष्णतेला अडविते आणि इंधन वाचते.

समजा, एखाद्याने अशी नवी वीट घडविली. तिला मागणीही मोठी आली. पण "यात नवे ते काय?" म्हणून पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयातील अपिलात तो विक्रीच्या वह्या पुढे ठेवतो. वीट सहज सुचण्याजोगी होती, तर ती आधी कोणी का केली नाही?

प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु खपाची कारणे अनेक असतात. भाव उतरला, जाहिरात गाजली, विक्रेत्याचे नाव मोठे असले, तरी माल खपतोच. विक्री त्या नव्या गुणामुळेच झाली, हे दाखवावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या ग्रॅहॅम निकालात खपाला दुय्यम पुराव्याचे स्थान दिले. आणि त्याच निकालात, चांगला खप असलेल्या एका फवारणी-झाकणाचे पेटंट रद्दही ठरविले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, भांड्यांच्या धंद्यातील एका खटल्यात, कारागिराला सहज सुचणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सांगितले.

पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. तिचे मोल गिऱ्हाइकाला मोजावे लागते. ती नाकारली तर खऱ्या शोधकाचे श्रम वाया जातात. म्हणून बाजाराची साक्ष अवश्य ऐकावी. निवाडा मात्र विटेकडे पाहूनच करावा.