कुंडीतील कंदांचा हिवाळा

वसंतात फुलणाऱ्या ट्यूलिपचे माहेर मध्य आशियातील तिएन शान आणि पामीर पर्वतांच्या उतारांवर आहे. तेथील उन्हाळा कोरडा, तर हिवाळा अत्यंत कडक. या दोन्ही संकटांतून तरून जाण्यासाठी ही वनस्पती कांद्यासारख्या कंदात अन्न साठवून भूमीखाली विश्रांती घेते. ही विश्रांती वरवरची असते. लागवडीच्या वेळी कंद उभा चिरल्यास मध्यभागी इवलीशी कळी आढळते. फुलाची घडण उन्हाळ्यातच झालेली असते. त्याचा दांडा लांबण्यासाठी मात्र सुमारे १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते. ती अपुरी पडल्यास फूल खुरटते किंवा कळी आतल्या आत सुकते.

श्रीनगर येथे दल सरोवरानजीक २००७ साली खुल्या झालेल्या उद्यानात हे कंद शरद ऋतूत वाफ्यांत लावले जातात. वाफ्यातील कंदाला सर्व बाजूंनी भूमीचे पांघरूण लाभते. कुंडीतील कंद त्यास पारखा असतो. २१ डिसेंबरला चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू झाला की गारठा कुंडीच्या भिंतींतून आत शिरतो. ओली माती गोठून फुगते आणि भाजक्या मातीची कुंडी तडकते. साचलेले पाणी तर याहून घातक. त्याने कंद कुजतात.

यास्तव कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे, मातीत जाडी वाळू मिसळावी आणि कुंडी विटांवर टेकवावी. कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोलीवर, टोक वर ठेवून लागवड करावी. कडाक्याच्या दिवसांत कुंड्या भिंतीलगत, वळचणीखाली एकत्र मांडून भोवती पेंढा किंवा वाळलेली पाने रचावीत. माती किंचित ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे.

मैदानी प्रदेशात प्रश्न उलटा असतो. तेथे थंडीच अपुरी पडते. म्हणून नवी दिल्लीत फुलविण्यासाठी नेदरलँड्समधून आणलेल्या कंदांना आधीच थंडी दिलेली असते. घरच्या शीतकपाटातही हे साधते. परंतु कंदांशेजारी सफरचंदे ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणारा एथिलीन वायू आतील कळी मारून टाकतो.

फूल गळाल्यावर हिरवी पाने कापण्याचा मोह आवरावा. ती पिवळी पडेपर्यंत कंदात अन्न साठवीत असतात, आणि पुढच्या वर्षीची कळी त्याच अन्नावर घडते.