जमीन तसा नाल : नालबंदाच्या कौशल्याचा विचार
(व्याख्यानाचा मजकूर)



कौशल्यविकासाच्या चर्चेत सहसा न येणाऱ्या एका कारागिराविषयी मी आज बोलणार आहे. तो म्हणजे नालबंद. घोड्याच्या खुराला लोखंडी पट्टी ठोकणे एवढेच त्याचे काम, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे.

घोड्याचे खूर आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असते व महिन्याला साधारणतः ८ ते १० मिलिमीटर वाढते. नालामुळे त्याची नैसर्गिक झीज थांबते. म्हणून सुमारे सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून तो पुन्हा बसवावा लागतो. खुराच्या तळाशी एक पांढरी रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरच राहिला पाहिजे. आत गेल्यास जिवंत ऊतींना इजा होऊन जनावर लंगडते.

नालाची निवड दोन गोष्टींवर अवलंबून असते : काम आणि जमीन. पाऊल घसरता कामा नये, परंतु ते एकाएकी जखडले जाऊनही चालत नाही. टेकताना पाऊल किंचित सरकले तर धक्का विरतो. न सरकल्यास तो सांधे व स्नायुबंधांवर येतो. पकड आणि सरक यांचा मेळ घालणे हेच नालबंदाचे शास्त्र होय.

शर्यतीच्या घोड्याला ॲल्युमिनियमचे पातळ नाल लावतात. या धातूची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने पायाच्या टोकाचा भार घटतो. पोलोमध्ये घोड्याला हिरवळीवर वेगात वळावे लागते, म्हणून नालाची आतील कड उंच ठेवतात. अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्याच्या नालात ओल्या गवतावर मळसूत्री खुंट्या बसवितात व स्पर्धा संपताच काढून घेतात. वाळूच्या रिंगणातील ड्रेसाज प्रकारात साधा सपाट नाल पुरतो. खडकाळ वाटेवरील दीर्घ दौडीत नाल व खूर यांच्यामध्ये धक्का शोषणारी गादी घालता येते.

मात्र आपल्या देशातील बहुसंख्य अश्ववर्गीय जनावरे क्रीडांगणावर नव्हे, तर कष्टाच्या कामात आहेत. गौरीकुंडाहून केदारनाथला चढणारे खेचर ओल्या, उतरत्या दगडांवर पाय रोवते. खासगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडा पर्यटकांना वाहून नेतो. वीटभट्टीवरील खेचर ओझ्यासह खाचखळग्यांतून चालते. या प्रत्येकाची गरज निराळी असूनही अनेकदा एकाच मापाचा तयार नाल ठोकून खूरच त्याच्या आकाराला तासले जाते. वास्तविक नाल खुराप्रमाणे घडवावयाचा असतो. जनावर लंगडले की मालकाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि तरीही त्याला कामास जुंपले, तर वेदना वाढतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे सुमारे ३.४ लाख होती. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के होती. खेचरे सुमारे ८४ हजार, तर गाढवे सुमारे १.२ लाख उरली होती. जनावरे घटली की नालबंदाचे गिऱ्हाईक घटते, त्याचा मुलगा दुसरा व्यवसाय पत्करतो आणि उरलेल्या जनावरांना कुशल हात मिळणे अधिकच कठीण होते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये नालबंदांच्या परवान्याचे नियम १९६५ मध्येच करण्यात आले. अर्थात कायद्याने हे काम जबाबदारीचे मानले आहे. परवान्याला प्रशिक्षणाची जोड मिळाली, तरच त्या नियमांचा हेतू सफल होईल. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि लष्कराचे रिमाउंट व पशुवैद्यकीय दल यांच्याकडे अश्वांविषयीचे ज्ञान आहे. ते यात्रामार्गावरच्या व वीटभट्टीजवळच्या नालबंदापर्यंत, त्याच्या भाषेत पोहोचले पाहिजे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. एखाद्या यात्रेची व्यवस्था आपल्याकडे आली, तर रस्ते, पाणी व दवाखाना यांच्याबरोबरच वाटेवर प्रशिक्षित नालबंद आहे काय, हेही अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नावर मुक्या जनावराचे स्वास्थ्य आणि एका गरीब कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते.