रहिवासाची अट आणि भंडाऱ्याची आग



9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि 10 अर्भकांचा बळी गेला. कक्षातील 17 पैकी 7 बालके वाचवता आली. चौकशी समिती नेमली गेली, अधिकाऱ्यांचे निलंबन झाले. सारे काही रीतीप्रमाणे पार पडले. परंतु त्या माता कोठून आल्या होत्या? जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून, काही शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातून, आणि अनेक जणी मोलमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांतून. रुग्णालय राज्य सरकारचे. शहराचे अग्निशमन दल नगरपरिषदेचे. आणि त्या नगरपरिषदेच्या मतदारयादीत या मातांना स्थान असण्याचे कारणच नव्हते.

अग्निशमनाचा कारभार पाहणाऱ्या सदस्याने त्याच हद्दीत राहावे काय, हा प्रश्न इतरत्रही विचारला जातो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ग्रामीण भागासाठी स्वतंत्र अग्निशमन जिल्हे आहेत आणि त्यांची मंडळे लोकनियुक्त असतात. मात्र ओरेगॉनसारख्या राज्यात हद्दीतील मतदाराप्रमाणेच, तेथे केवळ मालमत्ता असणाराही मंडळावर बसू शकतो. राहणारा आणि मालक यांना तेथील कायद्याने एका पंक्तीला बसवले आहे. आपल्याकडे 1935 च्या कायद्यानुसार मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या दावणीला बांधलेला होता. प्रजासत्ताकाने ती दावण तोडली. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या 20 व्या कलमाने स्पष्ट सांगितले की, केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी त्या ठिकाणचा सामान्य रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचा रहिवास संपतही नाही.

या दोन वाक्यांचे मोल कार्यकर्त्यांनी नीट ओळखले पाहिजे. नगरसेवक होण्यासाठी शहराच्या मतदारयादीत आणि ग्रामपंचायत सदस्य होण्यासाठी गावाच्या यादीत नाव असावे लागते. या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. म्हणजे रहिवासाची खरी परीक्षा निवडणुकीच्या वेळी होत नाही, ती यादी बनताना होते. नागपुरात बंगला बांधून बसलेला आणि गावात वडिलोपार्जित वाडा कुलूपबंद ठेवणारा जमीनदार यादीत टिकतो. पण धानाची कापणी आटोपून कामाच्या शोधात परगावी गेलेल्या मजुराचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून उडाले, तर त्याची दाद कोण घेणार? गोसीखुर्दच्या पाण्याने ज्यांचे गावच गिळले, त्यांनी तर रहिवासाचा पुरावा कोणत्या उंबरठ्यावरून आणावा?

संसदेची गोष्ट निराळी. 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना लोकसभेवर पाठवले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. दोघेही भंडाऱ्याचे रहिवासी नव्हते आणि कायद्याला त्याची अडचणही नव्हती. देशाचे धोरण ठरवणाऱ्याने कोणत्या गल्लीत राहावे, हा प्रश्न गौणच आहे. बंब वेळेवर येतो की नाही, वाटेतला नाला कोठे अडवतो, हौदात पाणी आहे का, हे मात्र तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि चुकीची किंमतही तोच मोजतो.

म्हणून रहिवासाची अट योग्यच आहे. अडचण आहे ती हद्दीची. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांसाठी नोंदवला; पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत तो नाही. परिणाम असा की, ज्यांच्या धानाचे पुंजणे आणि तणशीचे ढीग जळतात, त्यांचा प्रतिनिधी गावातच राहतो, पण त्याच्या हाती बंब नाही. बंब आहे तो शहराच्या हाती, आणि शहराचा नगरसेवक या शेतकऱ्याला उत्तरदायी नाही. अट कागदावर पाळली जाते आणि आगीत सापडणारा माणूस कारभाराबाहेरच राहतो!

लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा जिल्हा हा एक खांब मानला होता. अग्निशमनासाठी तोच खांब उपयोगी आहे. साती तालुक्यांचे मिळून एक लोकनियुक्त जिल्हा अग्निशमन मंडळ असावे, प्रत्येक सदस्य आपल्या तालुक्यात प्रत्यक्ष राहणारा असावा, मालमत्तेच्या जोरावर कोणालाही प्रवेश नसावा आणि शासकीय रुग्णालयांच्या तपासणीचे अहवाल त्या मंडळापुढे उघडपणे यावेत. याला पैसा कोठून, असे विचारले जाईल. जिल्ह्यातील गौण खनिजांच्या, विशेषतः वाळूच्या, महसुलातून आरंभ करता येईल. राज्य सरकारची त्याला राजीखुशी असेल असे मात्र कोणी समजू नये.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी मतदारयाद्यांचे गावोगाव वाचन करावे. खोट्या रहिवाशांवर नमुना 7 भरून हरकत घ्यावी, वगळलेल्या मजुरांचे नमुना 6 भरून द्यावेत. येत्या ग्रामसभांत जिल्हा मंडळाच्या मागणीचे ठराव घ्यावेत. आरंभ लाखांदूर तालुक्यातून व्हावा. भंडाऱ्याहून निघालेल्या बंबाला तेथे पोहोचण्यास सर्वांत अधिक वेळ लागणाऱ्या भागांपैकी तो एक आहे.